सर्वज्ञ ईश्वर आणि मोकळा अर्जुन

‘देवाला पुढचे सगळे ठाऊक आहे, म्हणजे पुढचे सगळे ठरलेले आहे. आपण त्याच्या हातातल्या कठपुतळ्या. गीतेत कृष्णाने हेच सांगितले, तुकोबांनीही हेच सांगितले; तेव्हा धडपड सोडा आणि जे घडते ते पाहत राहा.’ अशा आशयाचे प्रतिपादन प्रवचनांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून सर्रास फिरत असते. दुःखात असलेल्या माणसाला धीर द्यावा या हेतूने ते बहुधा सांगितले जाते, हे मी जाणतो. परंतु गीतेच्या, महाभारताच्या आणि तुकोबांच्या नावावर त्यात जे सांगितले जाते ते त्या वचनांचे तात्पर्य नव्हे, काही ठिकाणी तर ते नेमके उलट आहे. म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान तर्काचे आहे: ईश्वराला माझी उद्याची कृती आजच ठाऊक असेल, तर ती मला टाळता येणार नाही. ईश्वर भविष्य जाणतो हे गीतेला मान्यच आहे. होऊन गेलेली, असलेली आणि पुढे होणारी सर्व भूते मी जाणतो, असे श्रीकृष्ण सातव्या अध्यायात (७.२६) स्वतःच म्हणतात. प्रश्न एवढाच आहे की, जाणल्यामुळे ते घडते का? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या, म्हणजे ‘ब्रह्मसूत्रे’ या वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथावरील आपल्या टीकेच्या, आरंभीच ज्ञान आणि कर्म यांतला भेद स्पष्ट केला आहे. ज्ञान वस्तूच्या अधीन असते, जशी वस्तू तसे ज्ञान. कर्म मात्र कर्त्याच्या अधीन असते, ते करता येते, न करता येते किंवा निराळ्या रीतीने करता येते. त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण अगदी व्यवहारातले आहे: माणूस घोड्यावरून जातो, पायी जातो, आणखी कशाने जातो किंवा जातच नाही. हा भेद येथे लावून पाहावा. मी उद्या खरे बोलणार हे ईश्वर जाणतो, कारण मी खरे बोलणार आहे. मी खोटे बोलणार असतो, तर त्याचे ज्ञानही आधीपासून तसेच असते. ‘ईश्वर जाणतो तसेच घडेल’ हे खरे मानले तरी ‘दुसरे काही घडणे शक्यच नव्हते’ हे त्यातून निघत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आचार्यांच्या मते परमार्थतः, म्हणजे अंतिम सत्याच्या दृष्टीने, आत्मा कर्ताच नाही. ते खरे आहे; पण त्या परमार्थदृष्टीत नियती आणि कठपुतळीची दोरी यांनाही जागा उरत नाही. ज्या व्यवहारात आपण बोलत आहोत तिथे ब्रह्मसूत्रे जीवाला स्पष्टपणे कर्ता मानतात, कारण तसे न मानल्यास ‘हे कर, ते करू नकोस’ असे सांगणारे शास्त्रच व्यर्थ ठरेल (२.३.३३).

खरा अवघड आक्षेप याच्या पुढचा आहे. ईश्वर नुसता साक्षी नाही, जगाचा निर्माताही आहे. ज्याने सर्व जाणून सर्व निर्माण केले, त्याच्या बाबतीत जाणणे आणि घडवणे यांत अंतर राहते कुठे? या आक्षेपाला ब्रह्मसूत्रकारांनी बगल दिलेली नाही. ईश्वराकडे पक्षपात आणि निर्दयता येत नाही, कारण तो जीवांच्या कर्माला अनुसरून सृष्टी करतो (२.१.३४), असे ते म्हणतात, आणि भाष्यात त्यावर पावसाचा दाखला येतो: भात आणि जव दोन्ही पावसामुळेच उगवतात, पण एकाचे भात आणि दुसऱ्याचे जव होण्याचे कारण त्यांच्या बियाण्यात असते. पुढे (२.३.४२) जीवाचे कर्तृत्व ईश्वराधीन असले तरी ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाला अनुसरूनच त्याला प्रेरणा देतो, अन्यथा विधी आणि निषेध निरर्थक होतील, असेही सांगितले आहे. या उत्तराने कोडे पूर्णपणे सुटते असे मी म्हणणार नाही, कारण कर्माला आरंभ नाही असे मानून ते प्रश्नाला मागे मागे नेते. पण आपल्याकडच्या विचारवंतांनी सर्व भार ईश्वरावर टाकून हात झटकले, असे तरी त्यांच्याबद्दल कोणाला म्हणता येणार नाही.

आता गीतेच्या वचनांकडे वळू. ‘मी यांना आधीच मारले आहे, तू निमित्तमात्र हो’ (११.३३) हे वचन सर्वांत जास्त उद्धृत केले जाते, पण त्याच श्लोकाचा पूर्वार्ध सहसा सांगितला जात नाही. तो पूर्वार्ध आज्ञेचा आहे: ऊठ, यश मिळव, शत्रूंना जिंकून समृद्ध राज्य भोग. आज्ञा मोडण्याची ज्याला शक्ती नाही, त्याला आज्ञा कोणी देत नाही. त्याच्या आधीचा श्लोक त्याहून बोलका आहे, कारण तुझ्यावाचूनही हे योद्धे उरणार नाहीत, असे काळरूप ईश्वर तिथे सांगतो. ‘तुझ्यावाचूनही’ म्हणताना अर्जुन न लढण्याची शक्यता गृहीतच धरलेली आहे. ठरले आहे ते कौरवपक्षाचे पतन, आणि ते द्यूतसभेतल्या अत्याचारापासून राज्य परत न देण्याच्या हट्टापर्यंत त्यांच्या स्वतःच्या कृत्यांचे फळ आहे. त्यात आपला वाटा उचलायचा की नाही, हे अर्जुनाचे ठरायचे राहिले आहे.

दुसरे आवडते वचन अठराव्या अध्यायातले: ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून यंत्रावर चढवल्याप्रमाणे त्यांना मायेने फिरवतो (१८.६१). हे वचन कठोर आहे आणि त्याला सौम्य करण्याची मला गरज वाटत नाही. स्वभाव माणसाला किती ओढून नेतो हे ज्याने स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहिले आहे त्याला पटेल. पण श्लोक तिथे थांबत नाहीत. लगेच त्यालाच शरण जा असा उपदेश येतो, आणि त्रेसष्टाव्या श्लोकात श्रीकृष्ण म्हणतात, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. त्रिकाळ जाणतो असे सांगणारा वक्ताच येथे निर्णय श्रोत्यावर सोपवतो. एवढ्यावरही तो थांबत नाही, तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना, असे तो विचारतो (१८.७२), आणि अर्जुनाच्या तोंडून उत्तर येईपर्यंत संवाद संपत नाही. त्याच अध्यायात कर्माची पाच कारणे मोजली आहेत (१८.१४): अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही. त्याला पाचांतले एक स्थान दिले आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात (प्रसिद्धी १९१५) कर्मविपाकाला, म्हणजे कर्माच्या फळाला, आत्मस्वातंत्र्याशी जोडून एक संपूर्ण प्रकरण लिहिले, ते या गुंत्याचे महत्त्व ओळखूनच.

कठपुतळीच्या दृष्टान्ताबद्दल मात्र थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो महाभारतात खरोखरच आहे, आणि तो कोणाच्या तोंडी आहे हे पाहिले की त्याचा अर्थ पालटतो. वनवासात संतापलेली द्रौपदी म्हणते की, लाकडी बाहुलीचे अवयव हलवावेत तसा विधाता प्राणिमात्रांना हलवतो. त्यावर युधिष्ठिर तिची समजूत घालत नाही. तुझे बोलणे मधुर असले तरी नास्तिक्याचे आहे, असे तो तिला स्पष्ट बजावतो. ज्या विचाराला आज भक्तीचा कळस म्हणून मिरवले जाते, त्याला धर्मराजाने नास्तिक्य म्हटले आहे. पुढे द्रौपदी स्वतःच केवळ दैवावर विसंबून निजून राहणाऱ्याला मूर्ख ठरवते आणि पुरुषार्थाची बाजू मांडते. ‘सर्व जग विधात्याच्या अधीन आहे, स्वतंत्र नाही’ हे वाक्यही सभापर्वात आहे, आणि ते बोलणारा आहे धृतराष्ट्र. विदुर त्याला द्यूताचे परिणाम सांगत असतो, ते थांबवणे राजा म्हणून त्याच्या हातात असते, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला दैव आठवते. लगेच तो विदुरालाच पांडवांना बोलावून आणण्यासाठी पाठवतो. व्यासांनी हा सिद्धान्त ज्या तोंडी आणि ज्या प्रसंगी घातला आहे, ते पाहता तो आदर्श म्हणून दिला आहे असे कोणता वाचक म्हणेल?

प्रारब्धाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. फळ देऊ लागलेले कर्म भोगावे लागते, हे परंपरा मानते, पण आज घडणारे क्रियमाण कर्म ती त्यापासून वेगळे काढते, आणि योगसूत्रांत पतंजली तर ‘हेयं दुःखमनागतम्’ म्हणजे न आलेले दुःख टाळण्याजोगे आहे, असे सांगतात (२.१६). ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या अभंगात तुकोबा उद्वेग वाहू नका असे सांगत आहेत, हात बांधून बसा असे नव्हे. ‘असाध्य ते साध्य करितां सायास’ हेही त्यांचेच वचन आहे. सासरी छळल्या जाणाऱ्या मुलीला ‘तुझ्या नशिबात होते’ असे सांगून पुन्हा त्याच घरी धाडणारे लोक जेव्हा तुकोबांचा पहिला चरण म्हणतात, तेव्हा ते चित्ताचे समाधान देत नसतात, आपले कर्तव्य टाळत असतात. कर्मविचार हा स्वतःच्या पुढच्या कृतीसाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी तो वापरणे मला अक्षम्य वाटते.

राहता राहिला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: शेवट ईश्वराला ठाऊकच असेल, तर या मर्त्य आयुष्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न विचारणारे असे गृहीत धरतात की आयुष्याचे मोल त्याच्या निकालात आहे. ज्ञानेश्वर पसायदानात खळांचा नाश मागत नाहीत, त्यांची ‘व्यंकटी सांडो’, म्हणजे वाकडेपणा जावो, आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो असे मागतात. माणूस बदलू शकतो आणि त्या बदलण्यासाठीच हे आयुष्य आहे, असे मानल्याशिवाय या मागणीला अर्थ राहत नाही. आणि उद्योगपर्वात तर ज्याला शेवट ठाऊक आहे तोच प्रयत्न करताना दिसतो. शिष्टाईला निघण्यापूर्वी श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की, पुरुषप्रयत्नाने शक्य आहे ते सर्व मी करीन, दैव मात्र माझ्या हाती नाही. हस्तिनापुरात विदुर त्यांना म्हणतो की दुर्योधन ऐकणार नाही, तुम्ही येथे यायलाच नको होते. त्यावर त्यांचे उत्तर असे आहे की, धर्मकार्यासाठी शक्तीप्रमाणे झटूनही ज्याला ते साधले नाही, त्यालाही त्याचे पुण्य मिळते यात मला संशय नाही. शिवाय समर्थ असून कृष्णाने कौरव-पांडवांना आवरले नाही, असे उद्या कोणी म्हणू नये. युद्धानंतर द्वारकेच्या वाटेवर भेटलेल्या उत्तंक ऋषींनी नेमके तेच म्हटले आणि ते शाप द्यायला निघाले. त्यापूर्वी त्यांच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात श्रीकृष्णांनी दैव ओलांडता येत नाही हे सांगितले होते खरे, पण त्यातही आधी सांगितले ते हे की, मी सलोख्यासाठी प्रयत्न केला होता.