शिट्टी पंचाची की गॅलरीची?
१४ वर्षांखालच्या पोरांची बास्केटबॉलची मॅच. बॉल दोन हातांना घासून साइडलाइनबाहेर जातो, पंच शिट्टी वाजवतो आणि बघतो कुठे, तर प्रेक्षकांकडे! तिकडून "आमचा, आमचा!" की बॉल त्यांचा. अहो, नियमात उत्तर आहे ना! शेवटचा हात कुणाचा ते दिसलं नाही, तर दुसऱ्या पंचाला विचारा. त्यालाही खात्री नसेल किंवा मतं जुळत नसतील, तर दोन्ही अंगठे वर, जंप बॉल, म्हणजे बॉल कुणाचा ते ठरत नाही अशी खूण. मग गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावरचा, पाळी कुणाची ते सांगणारा बाण दाखवेल त्या संघाचा थ्रो-इन, म्हणजे त्यांनी बाहेरून बॉल आत टाकायचा. तो बॉल मैदानातल्या खेळाडूला लागला की बाण दुसऱ्या संघाकडे फिरवायचा. टेबलवाले नेमकं हेच विसरतात, मग पुढच्या वेळी पुन्हा बोंब. एकदा आरड्याओरड्यावर बॉल दिलात की प्रत्येक शिट्टीला आईबाप उठून उभे. आणि ज्या पोराचं घरून कुणीच आलेलं नाही, त्याच्यासाठी कोण ओरडणार?