कार्ड चिरडायची सोपी पद्धत

वेबपानावर वस्तू दाखवणारा चौकोन, म्हणजे कार्ड, बनवायला बसलात की पहिल्यांदा स्क्रीनकडे बघा. ते नेमकं कुठल्या डब्यात जाऊन बसणार आहे, असल्या चौकशा करू नयेत. स्क्रीन १३६६ पिक्सेलची आहे ना? मग कार्डालाही तेवढीच जागा मिळाली असं धरायचं. रुंदी ७६८ पिक्सेलच्या वर असली की तीन कॉलम: डावीकडे फोटो, मधे नाव-किंमत, उजवीकडे बटण. कमिट करा (कोड जमा करा), चहाला जा.

गेल्या गुरुवारी हेच कार्ड कुणीतरी पानाच्या कडेच्या पट्टीत, २८० पिक्सेलच्या साइडबारमध्ये टाकलं. स्क्रीनच्या रुंदीवरून मांडणी बदलणाऱ्या मीडिया क्वेरीने इमानेइतबारे स्क्रीन मोजली, १३६६ भरली, तीन कॉलम मांडले. फोटोने दीडशे खाल्ले. कुठल्याशा जुन्या बगसाठी शब्द कुठेही तोडणारं ब्रेक-ऑल लावून ठेवलेलं होतंच, त्यामुळे ‘कार्टमध्ये’ हा शब्द बटणावर का, र्ट, म, ध्ये असा एकाखाली एक लोंबत होता. समोर क्लायंट. तो म्हणाला, "हे असंच असतं का?"

असंच असतं हो. पुढे ऐका.

बाकीचे नियम दाबून टाकणारं इम्पॉर्टंट लावायला लाजू नका.

रुंदीला १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची अख्खी रुंदी, द्या. आडवा स्क्रोल आला तर बॉडीवर, बाहेर जाईल ते लपवणारं ओव्हरफ्लो हिडन आहेच.

मराठी मजकूर टाकून कधीही बघू नका, लॉरेम इप्समचा नकली लॅटिन मजकूर पुरतो. ओळीची उंची, म्हणजे लाइन-हाइट, १ ठेवा, वर ओव्हरफ्लो हिडन करा, म्हणजे ‘मोठी सूट’चं ‘माठा सट’ होतं. गिऱ्हाईक समजून घेतं.

कार्ड साइडबारमध्ये चेपलं तर मूळ कार्डाला हात लावायचा नाही. नवा क्लास (स्टाइलच्या नियमांचं नवं नाव) काढायचा: कार्ड-साइडबार. मग कार्ड-फूटर. मग पॉपअपसाठी कार्ड-लहान, तो पुरला नाही की कार्ड-लहान-२, आणि ज्याचा अर्थ आता कुणालाच सांगता येत नाही तो कार्ड-लहान-फायनल. गुरुवारी रात्री मी मोजले, ११ निघाले. त्यातल्या एकावर कमेंट होती, ‘तात्पुरतं’. तारीख २०२१ची. शिवाय कुणी भल्या माणसाने प्रत्येक कार्डाला जावास्क्रिप्टने स्वतःची रुंदी मोजायला लावलेलं. यादीत ६० कार्डं. खिडकी जरा ओढली की साठही जण टेप घेऊन उठतात आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. याला आपल्याकडे ‘डायनॅमिक’ म्हणतात.

कंटेनर क्वेरीचं, म्हणजे स्क्रीनऐवजी बाहेरच्या डब्याची रुंदी विचारणाऱ्या सोयीचं, नाव कुणी काढलंच, तर "अजून सपोर्ट नाही" असं मीटिंगमध्ये ठासून सांगा. क्रोम आणि सफारीत ती २०२२मध्ये आली, फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ला, पण ते बघत बसायला वेळ कुणाला आहे? आणि वापरायची वेळ आलीच, तर ‘हा डबा मोजा’ असं सांगणारा कंटेनर-टाइप थेट कार्डालाच लावा आणि त्याच कार्डाचे कॉलम बदलायला सांगा. काही बदलणार नाही, कारण कंटेनरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आतल्यांना लागू होतं, त्याला स्वतःला नाही. किंवा फ्लेक्स मांडणीतल्या डब्याला रुंदी न देता तो लावा. आतल्या मजकुरावरून रुंदी ठरवणं तिथे बंदच होतं, डबा शून्यावर येतो. मग म्हणा, "बघा, सांगत होतो, चालत नाही."

अहो, पण चालतं! कार्डाच्या बाहेर एक डिव्ह, म्हणजे साधा डबा, घाला. त्याला कंटेनर-टाइप इनलाइन-साइज द्या. मूळ कार्ड उभं लिहा, आणि ‘ॲट-कंटेनर मिन-विड्थ ४०० पिक्सेल’ या नियमात, म्हणजे डबा ४०० किंवा जास्त रुंद असेल तेव्हा, आडवं. एवढंच आहे! मीडिया क्वेरी वाईट नाही. २०१०मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कॉटने स्क्रीननुसार बदलणाऱ्या पानांसाठी रिस्पॉन्सिव्ह डिझाइन हा शब्द दिला तेव्हा हाताशी तीच होती, आणि अख्ख्या पानाची मांडणी बदलायला आजही तीच लागते. पण साइडबारमधल्या कार्डाने अख्ख्या स्क्रीनची रुंदी कशाला विचारायची? इतकी वर्षं हे काम करता, पगार घेता, आणि एक डिव्ह वाढवायचा कंटाळा येतो? तुमच्या आळसापायी क्लायंटसमोर मान खाली घालून उभा मी राहिलो.

शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत बसून ११मधले ९ क्लास उडवले. उरलेले दोन कुणी लिहिलेत ते कमिटमध्ये दिसतंय. सोमवारी या आणि स्वतःच्या हाताने काढा.