सेट म्हणजे बसवणे, बास

भाची यंदा आठवीत गेलीय, मराठी मीडियमला. परवा इंग्लिशची वही घेऊन आली, म्हणे मामा सेटचा एकच काय तो अर्थ सांग, मॅडमनी पाच पाठ करायला दिलेत. आता काय सांगणार? ऑक्सफर्डच्या जाडजूड डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत या एवढ्याशा शब्दाचे ४३० अर्थ आहेत, नुसत्या त्या नोंदीचेच ६०,००० च्या आसपास शब्द, म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरीच की. (आता 'रन'ने त्याला मागं टाकलंय, क्रियापदाचेच ६४५ अर्थ. पोरीला हे सांगितलं नाही.)

पण मला वाटतं आपण पोरांना हे उलट्या बाजूनं शिकवतो. पाच अर्थ पाठ, दहा अर्थ पाठ, आणि मूळ काय ते कोणीच सांगत नाही. सिट म्हणजे बसणे आणि सेट हे त्याचंच प्रयोजक, म्हणजे बसवणे! पडणे-पाडणे तसंच त्यांचं फॉल-फेल, झाड पाडतात तो फेल. एवढं कळलं की निम्मं काम झालं, कारण पुढचं सगळं आपल्याकडे आधीच आहे. सोनार अंगठीत खडा बसवतो, सेट. हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो, सेट. आणि आपण तर त्यांच्याही पुढे गेलोय, आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, धाक बसवतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो. एवढे अर्थ आपण कधी पाठ केलेत का? आईच्या तोंडून ऐकले, झालं.

कपबशांचा सेट मात्र वेगळ्या घरातला हं. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनचा 'सेक्टा', ज्याच्यापासून पंथ या अर्थाचा 'सेक्ट' पण झाला. म्हणजे शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या त्या सहा कपांचा एक पंथच म्हणायचा, आमच्या घरात तर सोवळं पण तसंच आहे.

आणि आपण जो सेट उचललाय त्याला तर तोडच नाही. पोरगा पुण्यात 'सेट झाला' म्हणजे नोकरी फ्लॅट लग्न तिन्ही आलं. प्राध्यापक व्हायचं तर 'सेट' द्यायची, ती परीक्षा. आणि 'त्याची आत सेटिंग आहे' हे वाक्य लंडनच्या माणसाला सांगून बघा, तो बिचारा मोबाईलमध्ये शोधत बसेल.

तर हे सगळं भाचीला रंगवून सांगितलं, तिनं शांतपणे ऐकलं आणि वहीत बोट ठेवलं, 'अलार्म सेट कर'. आपण अलार्म लावतो, बसवत नाही. खाली 'सेट फायर', ती पण लावतोच. त्याच्या खाली 'सेट ऑफ', तिथं निघायचंच.

मामा, तुझं हे काय नीट बसत नाहीये, म्हणाली, आणि पाच अर्थ पाठ करायला आत गेली.