एमएटी करायच्या आधी राज्य बघा

एका लेखात म्हटलंय अमेरिकेत टीचर व्हायचं तर सरळ मास्टर्स (एमएटी, म्हणजे मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग) करा, डिग्री आणि शिकवायचं लायसन्स एकदमच मिळतं. मान्य, पण लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं असतं हे एका ओळीत उरकलंय राव. भारतातलं बीएड असेल तर आधी डिग्रीचं इव्हॅल्युएशन (ती तिथल्या कुठल्या डिग्रीच्या तोडीची ते तपासणं) करून घ्या, कधीकधी थोडेच कोर्स कमी पडतात मग अख्ख्या मास्टर्सची फी कशाला. न्यूयॉर्कचं वेगळंय, तिथे इनिशियल सर्टिफिकेट, म्हणजे सुरुवातीचं लायसन्स, ५ वर्षांचं आणि पुढच्या प्रोफेशनल सर्टिफिकेटसाठी साधारणपणे मास्टर्स लागतं. आणि ते स्टुडंट टीचिंग, म्हणजे कोर्समधला शाळेत शिकवायचा सराव! दिवसभर शाळेत, बहुतेक ठिकाणी पगार शून्य, वर फी आपणच भरायची. वहिनीने नोकरी सोडून केलं, दादाचा पगार होता म्हणून निभावलं. एच-४ वाल्यांनी (एच-१बी वाल्यांच्या नवरा-बायकोचा व्हिसा) तर वर्क परमिटचं आधी बघा, नुसतं लायसन्स घेऊन घरी बसणार का?