गाणं एक, सोपस्कार अनेक

ट्यूब अँपवर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या अँप्लिफायरवर, गाणं ऐकायचं तर आधी अंगी सबुरी हवी. बटण दाबलं की आवाज, हे चोचले ट्रान्झिस्टरवाल्यांचे. इथे आधी बहुधा ६.३ व्होल्टचा हीटर तापणार, त्याच्या धगीनं कॅथोड तापणार, मग इलेक्ट्रॉन सुटणार आणि अर्ध्या-एक मिनिटानं गायकाला कंठ फुटणार. करंट स्थिरावायला आणखी दहा-पंधरा मिनिटं. तोवर ऐकायची हुक्की टिकली तर आपण खरे रसिक.

एवढं करून मिळतं काय? मीटर लावून पाहिलं तर डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलची मोडतोड! ३००बी या ट्यूबच्या सिंगल-एंडेड (एकाच ट्यूबनं पूर्ण लहर वाढवणाऱ्या) अँपमधून जेमतेम आठ वॅट निघतात आणि आवाज वाढवत नेला की त्यात सेकंड हार्मोनिक मिसळत जातं. म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा, वरच्या सप्तकातला तोच स्वर. षड्जाबरोबर तार षड्जही हळूच गुणगुणतो. अशी भेसळ कान पकडत नाही, उलट ‘काय गोडवा आहे!’ म्हणून दाद देतो. पुश-पुलमध्ये (जिथे ट्यूबची जोडी उलटसुलट काम करते) अशी सम, म्हणजे दुप्पट-चौपट वारंवारतेची, हार्मोनिक्स आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी एकमेकांना मारतात, म्हणून तो आवाज अधिक नेटका. शिवाय अँपमध्ये फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटकडे नेणं) कमी असला की आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपचा आतला अडथळा, चढा राहतो, स्पीकरच्या शंकूवर ताबा सुटतो आणि बास सैलावतो. त्याला आम्ही ‘ऊब’ म्हणतो. दोषाला लाडाचं नाव दिलं की दुरुस्त करावा लागत नाही.

खरी सत्त्वपरीक्षा बायसची, म्हणजे ग्रिडला (इलेक्ट्रॉनच्या वाटेतल्या जाळीला) ऋण व्होल्टेज देऊन ट्यूबमधला स्थिर करंट जुळवण्याची. बायस आपोआप जुळवणारे अँप असतात, पण ज्यांचं नशीब थोर नाही त्यांनी मल्टिमीटर काढावा. स्पीकर जोडलेलाच हवा. तो नसताना सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून इन्सुलेशन जळू शकतं. समजा ईएल३४ ही ट्यूब आहे, प्लेटवर (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या बाहेरच्या पत्र्यावर) ४०० व्होल्ट आहेत आणि कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर. त्याच्या दोन टोकांत ०.४ व्होल्ट दिसले की करंट झाला ४० मिलिअँपिअर, म्हणजे साधारण १६ वॅट. ट्यूबची मर्यादा २५ वॅटची, तिच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. प्रीसेट (बायस जुळवायचा छोटा स्क्रू) केसभर फिरवायचा आणि थांबायचं. एक ट्यूब जागेवर आणली की शेजारची हलते. तिला समजवावं तर पहिली पुन्हा बिघडते. हे सगळं एक हात पाठीशी धरून, कारण ४०० व्होल्ट विनोद जाणत नाहीत. आणि स्विच बंद केला म्हणजे सुटलो असंही नाही, वीजपुरवठा गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर चार्ज धरून बसलेले असतात.

अंधारात ट्यूबची नारिंगी झळाळी पाहून हरखून जावं, पण कुठे पाहतोय याचं भान ठेवून. फिलामेंट लाल दिसतं ते ठीक. बाहेरची करडी प्लेट लाल व्हायला लागली तर गाणं कितीही रंगात आलेलं असो, तत्काळ बंद. ग्रिडवरचा ऋण बायस गेलेला असतो: आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर गळतोय, नाहीतर सॉकेटमध्ये पिन नीट बसलेली नाही. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. त्या ट्यूबला रामराम. पेन्सिलीनं हलकी टिचकी मारून स्पीकरमधून टणत्कार आला तर ती मायक्रोफोनिक, म्हणजे हादऱ्याचाही आवाज करणारी. आणि गुणगुण? ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंग किंवा हीटरच्या तारा तपासा, १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत.

ट्यूबा बदलबदलून ‘मखमली’ आणि ‘हवेशीर’ यांतला फरक शोधण्यात माणसं आयुष्य घालवतात. त्यांना माझा सल्ला एकच: आधी स्पीकर बघा. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे एका वॅटमध्ये एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला जितका आवाज काढायला दहा वॅट लागतात, तितकाच ९६ डेसिबलचा एका वॅटमध्ये काढतो. आठ वॅटच्या अँपला कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर जोडून वर ‘दम नाही’ म्हणणं हा त्या ट्यूबवर अन्याय आहे.

घरातल्या मंडळींचा आक्षेप मात्र वेगळा. चार ईएल३४चे नुसते हीटरच अडतीसेक वॅट खातात, वर प्लेटची चौसष्टेक वॅटची धग. शंभराच्या घरात वॅट खोली तापवतात आणि त्यातला एखादा वॅट गाण्याच्या वाट्याला येतो. उन्हाळ्यात पंखा लावावा तर विलंबित आलाप त्याच्या घरघरीत बुडतो, बंद ठेवावा तर मैफल ऐकायला आपण एकटेच उरतो.