घुबडाला नेत्रगोल नसतो म्हणे!

"घुबडाला नेत्रगोल नसतातच. त्याच्या कवटीला हाडाच्या दोन नळ्या असतात, म्हणून त्याला डोळे फिरवता येत नाहीत. पक्ष्यांत असं फक्त घुबडाचंच." घुबडाच्या फोटोसोबत हा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातलं एक विधान अर्धं खरं आहे, बाकी सगळं चूक.

नेत्रगोल नाही? पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा), भिंग, दृष्टिपटल, सगळं जागच्या जागी असतं. डोळा गोल नसून लांबट आहे, इतकंच.

हाड कवटीचं? मुळीच नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. आपल्या डोळ्याचं बाहेरचं आवरण, म्हणजे श्वेतपटल, नुसत्या चिवट कोलॅजेन तंतूंचं असतं. पक्ष्याच्या डोळ्याचा पातळ छेद हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या निळ्या-गुलाबी रंगांच्या जोडीनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मागच्या भागात तंतुमय थराच्या आत काचाभ कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतीचा) निळसर पट्टा दिसतो, आपापल्या पोकळीत बसलेल्या पेशींसकट. पुढे सरकलात की कूर्चा संपते आणि पारपटलाच्या कडेजवळ गुलाबी हाड लागतं. हे हाड पातळ चकत्यांचं असतं; त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढून कडं तयार करतात. बहुतेक पक्ष्यांत त्या 10 ते 18, कोंबडीत साधारण 14. आधी कूर्चा, मग हाड अशी त्यांची वाट नाही. भ्रूणात त्या थेट हाड म्हणूनच घडतात. कवटीशी त्यांचा सांधा नाही. डोळा खोबणीतून काढला तर कडं त्याच्यासोबतच बाहेर येतं.

फक्त घुबडाला? कोंबडी, कबूतर, चिमणी, सगळ्यांना हे कडं असतं. सरड्यांनाही असतं, आणि इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरीसृपांच्या जीवाश्मांत तर ते ठसठशीत दिसतं. नाही ते आपल्याला. घुबडाचं वेगळेपण एवढंच की त्याच्या चकत्या लांब असल्यानं कडं नळीसारखं दिसतं.

आता ते अर्धं खरं. घुबडाचे डोळे जवळपास हलत नाहीत, हे बरोबर. पण हाडामुळे नव्हे, नाहीतर कोंबडीचेही हलले नसते. लांबट डोळा खोबणीत घट्ट बसतो आणि त्याला फिरवणारे स्नायू दुबळे असतात. म्हणून घुबड मानच सुमारे 270 अंशांपर्यंत वळवतं.

मग कडं कशासाठी? डोळ्यातल्या द्रवाचा दाब आवरणाला गोल करू पाहतो; हाड आणि कूर्चा मिळून तो बिनगोल आकार टिकवतात. शिवाय पक्ष्याच्या डोळ्यातला क्रॅम्प्टनचा स्नायू या कड्याच्या आधारानं पारपटलाची वक्रता बदलतो. हा स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखा पट्टेदार असतो. आपल्या डोळ्यात भिंगाचा फोकस बदलणारा स्नायू मात्र बिनपट्ट्याचा.