सांधा कुठे लावलाय?

काल दुपारी निरोप आला. "सर, फाइल मिळाली. तुमचा आवाज जरा लांबून येतोय. पण मधे मधे जे दुसरे गृहस्थ बोलतात, त्यांचा एकदम क्लिअर आलाय. कोण ते?"

ते दुसरे गृहस्थ म्हणजे बायकोचे काका.

मी आवाजाची कामं घेतो. या खेपेला कार्यालयातल्या अग्निसुरक्षेवर चाळीस मिनिटांचं वाचन होतं. चांगला माइक इंटरफेसला (माइक आणि लॅपटॉप यांच्यामधली डबी) जोडलेला, इंटरफेस लॅपटॉपला, हेडफोन इंटरफेसला. दार बंद, पंखा बंद. काका चालू.

काका रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झाले. तीस वर्षं लिव्हर ओढून सांधे बदलले, म्हणजे कुठली गाडी कुठल्या रुळावर जाणार ते ठरवलं. माझ्या तोंडून 'ट्रॅक', 'सिग्नल', 'रूटिंग' हे शब्द ऐकल्यापासून या धंद्यात त्यांनी स्वतःची परस्पर नेमणूक करून घेतली आहे. खोलीत दुसरी खुर्ची नाही म्हटल्यावर स्टूल आणून ते टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपशेजारी कोपर टेकून बसले. "मी एक शब्द बोलणार नाही," म्हणाले. हे पाच शब्द झाले.

सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकवरचं, म्हणजे आवाज जिच्यावर टिपला जातो त्या पट्टीवरचं, लाल बटण दाबलं. याला 'आर्म करणं' म्हणतात, जसं काही आपण गोळीच झाडणार आहोत. शेजारचं स्पीकरच्या चित्राचं मॉनिटरिंगचं, म्हणजे बोलता बोलता आपलाच आवाज आपल्याला ऐकवणारं, बटण दाबलं आणि म्हणालो, "आग लागल्यास." माझ्या मागोमाग कानात आणखी कुणीतरी म्हणालं, "आग लागल्यास." बफर, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) पुढे सोडण्याआधी साठवायची जागा, १०२४ सॅम्पलवर होता, आदल्या दिवशीच्या मिक्सिंगचा तसाच राहिलेला. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या हिशेबाने १०२४ गोळा व्हायला तेवीस मिलिसेकंद लागतात. जाताना तेवीस, येताना तेवीस, वर मधल्या यंत्रांचा आणि सॉफ्टवेअरचा हप्ता वेगळा. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सोळा मीटर जातो. थोडक्यात, मी बोलत होतो इथे आणि ऐकत होतो सोळा मीटरवर उभं राहून. 'अग्निशामक' हा शब्द मी सलग तीनदा 'अग्निशाकम' असा म्हटला.

स्वतःचाच आवाज उशिरा कानावर पडला की भलाभला अडखळतो, हे संशोधक बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये लिहून ठेवलंय. पुढे जपानमधल्या दोघांनी याच तत्त्वावर समोरच्याची बोलती बंद करणारं यंत्र बनवलं. बोलणाऱ्यावर रोखायचं, की त्याचाच आवाज किंचित उशिराने त्याच्यावर परत येतो. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. लोक हसले असतील. काका स्टुलावर बसलेले असताना मला ते यंत्र अजिबात विनोदी वाटत नाही.

"थांबलात का, जावईबापू?"

"आवाज उशिरा येतोय."

"कुठून निघालाय?"

"माइकमधून."

"सरळ येतोय का?"

"सरळ कसा येईल, काका? माइकमधून इंटरफेसमध्ये, तिथून लॅपटॉपमध्ये, तिथून सॉफ्टवेअरच्या ट्रॅकवर, ट्रॅकवरून मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, मास्टरवरून परत इंटरफेसमध्ये, मग माझ्या कानात."

काकांनी टेबलावरच्या धुळीत बोटाने ही सगळी लाइन आखली. प्रत्येक थांब्यावर एक टिंब. मग जरा मागे सरून बघितलं.

"म्हणजे समोरच्या फलाटावर जायला तुम्ही पार जंक्शनपर्यंत जाऊन परत येताय. मधे पूल नाही?"

पूल आहे. तो असल्याचं त्यांना न सांगता कळलं, याचा मला राग आला. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची खुंटी असते. ती फिरवली की माइकचा आवाज लॅपटॉपच्या वाटेला न जाता थेट हेडफोनमध्ये येतो, विलंब जवळजवळ शून्य. मी खुंटी फिरवली. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायचं विसरलो. आता कानात मी, आणि माझ्या पाठीला चिकटून माझंच भूत.

"आता काय झालं?"

"दोनदा ऐकू येतोय."

"पुलावरूनही तुम्हीच आणि जंक्शनवरूनही तुम्हीच?"

"हो."

"तिकीट एकच काढलंत ना?" असं म्हणून ते स्वतःच इतके हसले की खोकला लागला. हा खोकला पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

मग त्यांना ते भूत ऐकायचं होतं. हेडफोन एकच, म्हणून मी, काय अवदसा आठवली कोण जाणे, स्पीकरचा आवाज वाढवला. मॉनिटरिंग चालूच. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये, माइकमधला स्पीकरमध्ये, आणि एका क्षणात अशी शिट्टी फुटली की बायको दारात आली. सोरेन लार्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला, म्हणून याला लार्सन परिणाम म्हणतात. घरात याला माझं नाव आहे. काका कानांवर हात ठेवूनच ओरडले, "लूपमध्ये घेतलीत ना गाडी?"

लूपच होता तो. काय बोलणार?

मग मी बफर कमी करायला सेटिंगमध्ये गेलो. डायरेक्ट मॉनिटरिंग असताना त्याची तशी गरजही नव्हती, पण काका बघत असताना माणूस काहीतरी करतोच. तिथे कुठेतरी इनपुट म्हणून लॅपटॉपच्या पोटातला माइक निवडला गेला. मी निवडला असं मी म्हणणार नाही. निवडला गेला. सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग बंद केलं, स्पीकर बंद केले आणि चाळीस मिनिटं एका दमात वाचलं. कानात माझा आवाज काय सुरेख! जवळचा, भरदार. पडद्यावर हिरवा मीटर माझ्या शब्दाशब्दाला नाचतोय. यापेक्षा वेगळा पुरावा कुणाला हवा असतो?

पण कानात येत होता तो पुलावरचा आवाज. रेकॉर्ड होत होता तो लॅपटॉपच्या पोटातला. आणि मीटर नाचत होता, कारण लॅपटॉपच्या माइकलाही मी ऐकू येत होतोच, शेजारच्या घरातलं भांडण जसं आपल्याला ऐकू येतं तसा. माझा माइक एका बाजूनेच ऐकतो, पाठीमागचं जवळजवळ नाहीच, आणि त्याच्या पाठीमागे काका होते. कानांवर बंद हेडफोन. म्हणून 'एक शब्द बोलणार नाही' या वचनाचं पुढे काय झालं ते मला कळलंच नाही. फाइल पाठवण्याआधी ऐकायला हवी होती, मान्य. चाळीस मिनिटांचं काम ऐकायला चाळीस मिनिटं लागतात, हेही कुणीतरी मान्य करावं.

काल रात्री ऐकली. मी, कुठल्यातरी विहिरीतून: "आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये." काका, कानाशी: "मग कशाचा करावा ते आधी सांगा ना." मी, विहिरीतून: "घाबरून न जाता..." काका खोकतात. एक-एक कण सुटा ऐकू येणारा खोकला. स्टुडिओत असा मिळत नाही. मी: "सर्वांनी मोकळ्या जागेत जमावे." काका, स्वतःशीच, अगदी मायेने: "वाचतो बरा."

आज सकाळी पुन्हा बसलो. विनामोबदला, संध्याकाळपर्यंत हवंय. काका आधीच स्टुलावर.

"कालचं काय झालं?" सांगितलं. ते उठले, माझ्या माइकच्या जाळीवर नखाने खरवडलं. कानात करकर, पडद्यावर मीटर ढिम्म. मग लॅपटॉपच्या कडेवर टिचकी मारली. मीटरने लाल उडी मारली.

"गाडी या लाइनीवर होती, सांधा त्या लाइनीला. केबिनमध्ये सांधा लागून कुलूप बसल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नाही. तुमच्या यंत्रात इंटरलॉकिंग नाही?"

"नाही."

"मग माणसांना एकटं कसं सोडतात याच्यासमोर?"

हा प्रश्न मलाही पडतो, आणि यात मला आता काही गंमत वाटत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये घंटानाद देवळातला वाटावा की विहिरीतला, याच्या चाळीस तऱ्हा आहेत. 'बाबा रे, तू ज्यात बोलतोयस तो माइक मी ऐकतच नाहीये' एवढं सांगायची एकही तऱ्हा नाही. इनपुटचं नाव ट्रॅकवर लिहिलेलं असतं म्हणे. असतं, मुंगीच्या अक्षरात. माझा माइक 'इनपुट १', लॅपटॉपचाही 'इनपुट १'. मॉनिटरिंगचं बटण एका कंपनीकडे स्पीकरचं चित्र, दुसरीकडे 'आय' अक्षर, तिसरीकडे 'ऑटो' नावाची स्थिती, जी आपोआप काय करते ते बघायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. वीस वर्षं मी "आवाज येतोय का?" विचारत आलोय आणि लोक "येतोय" म्हणत आलेत. कुठून येतोय ते कुणी विचारलं नाही. विचारलं ते एका केबिनवाल्याने, आणि मी त्याला गप्प बसायला सांगत होतो.

दुसरं रेकॉर्डिंग दुपारी झालं. काकांना बाहेर बसवलं. ते बसलेही. आधी दोनदा नख, दोनदा टिचकी, मग दारातून हिरवी झेंडी दाखवावी तसा हात. फाइल गेली. 'छान आहे' असं उत्तर आलं, आणि खाली आणखी एक ओळ: त्या गृहस्थांचं नाव राहिलंच.

ती ओळ मी मोठ्याने वाचायला नको होती. मघापासून आतल्या खोलीत काका घसा साफ करताहेत, आणि अग्निसुरक्षेची संहिता त्यांनी मोठ्या अक्षरात छापून मागितली आहे.